एका अॅक्सलवर पाच टन

बपेऱ्यात ‘छोटी लाईन’ म्हटले की साठी ओलांडलेल्यांना गोंदिया-बालाघाटची अडीच फुटी गाडी आठवते. तिचे रूळ आता उखडले गेले, जागी ब्रॉडगेज आले. पण अडीच फुटांच्या रुळांवर भरपूर माल कसा ओढायचा, याचा धडा महाराष्ट्रात त्याही आधी सोलापूर जिल्ह्यात गिरवला गेला होता. १८९७ मध्ये बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली. तेव्हाचे बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, तिथून बार्शीपर्यंत. पुढे १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली आणि वारकऱ्यांची गाडी झाली.

तिचा अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. (याच गृहस्थाने पुढे विमानातून उडी मारण्यासाठी पॅराशूटही तयार केले.) बार्शीची लोकवस्ती आणि बाजारपेठ पाहता मोठ्या रेल्वेचा खर्च परवडणारा नव्हता. रूळ हलके हवेत, म्हणजे पोलाद कमी लागेल, पूल आणि भरावही स्वस्तात होतील. त्याने निवडलेला रूळ मीटरमागे जेमतेम पंधरा किलोचा. आज मुख्य मार्गांवर साठ किलोचा रूळ असतो. असा रूळ जड इंजिनाखाली वाकणारच. म्हणून त्याने एक नियम घालून घेतला: कोणत्याही अॅक्सलवर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही. इंजिन असो, डबा असो की भरलेली वाघिण.

इथे खरी पंचाईत होती. इंजिन ओढते ते चाक आणि रुळाच्या घर्षणावर. कोरड्या रुळावर हे बळ फिरत्या चाकांवरील वजनाच्या साधारण चौथा-पाचवा हिस्सा भरते. म्हणजे ओढायला वजन हवे आणि रुळासाठी वजन नको. लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेल्या इंजिनांत यातून वाट काढली गेली. एका दांड्याने जोडलेल्या चार अॅक्सल, आठ चाके. मागे आधाराला आणखी दोन अॅक्सल. चार गुणिले पाच, वीस टन वजन ओढण्याच्या कामी आले आणि रुळाला मात्र एका वेळी पाचच टन जाणवले. इंजिन हलके केले नाही, त्याचे पाय वाढवले. भारतात पाठवण्याआधी १८९६ मध्ये लीड्सजवळ न्यूले येथे रूळ अंथरून हे सगळे लोकांना चालवून दाखवण्यात आले.

ही टँक इंजिने होती. पाणी आणि कोळसा मागच्या वेगळ्या गाडीत नाही, इंजिनाच्याच अंगावर. त्यामुळे ते लहान राहते, शेवटच्या स्थानकावर वळवावे लागत नाही. तोटा असा की वाटेत पाणी संपत जाते तसे वजन घटते आणि पकडही थोडी सैल होते.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला यातले काही नवे नाही. रोवणीच्या आधी बांधीत चिखलणी करताना ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतात ते याचसाठी. ट्रॅक्टर तोच, वजन थोडे वाढलेलेच, पण जमिनीला टेकणारी जागा वाढली की तो रुतत नाही.

आता पायाकडे या. साठ किलोच्या माणसाचे वजन चालताना क्षणभर एकाच पायावर येते, आणि पाऊल उचलताना तर अंगठ्यामागच्या गोल हाडावर व आसपासच्या थोड्याशा जागेवर. निरोगी माणसाला तिथे बोचले की तो नकळत पाऊल बदलतो. मधुमेहात किंवा कुष्ठरोगात नसा बधिर झाल्या की ही सूचना येतच नाही. एकाच जागी हजारो वेळा तोच दाब पडतो. आधी घट्टा होतो, घट्ट्याखाली रक्त साकळते, मग जखम. रुग्ण येतो तेव्हा ती हाडापर्यंत गेलेली असते, आणि तो सांगतो, ‘डॉक्टर, दुखत तर नव्हतं.’ दुखत नाही म्हणून रोवणीही चुकवलेली नसते. इथेच पाय गमावले जातात. मलम आणि प्रतिजैविके किती का द्या, त्या जागेवरचा भार उतरला नाही तर जखम भरत नाही.

वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम करताना हेच दाखवून दिले की ही जखम रोगाच्या जंतूंपेक्षा दाबामुळे होते. मऊ एमसीआर रबराची चप्पल त्यावरचा साधा उपाय. तळवा रबरात किंचित बसतो, अधिक जागा टेकते, भार वाटला जातो. कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात ती मोफत मिळते. मधुमेहींनाही तिची तेवढीच गरज आहे, पण आमच्या बाह्यरुग्ण विभागात अशी चप्पल घालून आलेला मधुमेही क्वचितच दिसतो. गोळ्या नियमित घेणारे लोकही पायात कडक प्लास्टिकची चप्पल घालतात, घरात तर अनवाणीच.

मधुमेह असेल तर रोज रात्री तळवे उजेडात बघा. वाकता येत नसेल तर आरसा धरा किंवा घरच्यांना सांगा. घट्टा ब्लेडने कापू नका. चप्पल घालण्याआधी आत खडा, खिळा आहे का ते हाताने चाचपा. आणि दवाखान्यात येताना जुनी, झिजलेली चप्पल घेऊन या. ती कुठे झिजली आहे यावरून कुठल्या जागेवर किती भार पडतो ते आम्हाला दिसते.