जिभेचे दगड

माल्टा बेटातील खडकांत त्रिकोणी, तुळतुळीत व टोकदार असे दगड विपुल सापडत. सापांच्या जिभांचेच हे दगड झाले, अशी लोकांची समजूत. विषबाधा टळावी म्हणून ते गळ्यात बांधीत किंवा मद्याच्या पेल्यात बुडवीत. रोमन ग्रंथकार प्लिनी याने तर ते चंद्रग्रहणात आकाशातून पडतात, अशी वदंता नमूद केली आहे.

१६६६ साली इटलीतील लिव्होर्नोजवळ कोळ्यांनी एक प्रचंड शार्क पकडला. त्याचे मस्तक फ्लॉरेन्सला आणवून तेथील ग्रँड ड्यूकने ते डॅनिश शरीरशास्त्रज्ञ निकोलस स्टेनो याच्याकडे विच्छेदनार्थ सोपविले. जबड्यातील दात आणि माल्टाचे दगड एकाच घडणीचे आहेत, हे स्टेनोने ओळखले. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. फाबिओ कोलोन्ना याने ती १६१६ मध्येच मांडली होती. परंतु दात खडकात शिरला कसा, हा खरा अवघड प्रश्न होता. कठीण खडकात तो वाढला असता तर वेडावाकडा झाला असता, अथवा खडकास तडे गेले असते. ज्या अर्थी दोहोंपैकी काहीच घडलेले नाही, त्या अर्थी तो खडक एके काळी मऊ गाळ असला पाहिजे! याच विचारसरणीतून १६६९ मध्ये स्टेनोने थरांचा नियम मांडला : खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा.

शार्कचा सांगाडा कूर्चेचा असल्याने सहसा टिकत नाही. दात मात्र कठीण फॉस्फेटी द्रव्याचे असतात. शिवाय ते सतत गळतात व मागच्या रांगेतील पुढे सरकतात. त्यामुळे एक शार्क आयुष्यात हजारो दात टाकतो. गाळातील खनिजांमुळे त्यांस काळा वा तपकिरी रंग चढतो. ओडिशातील बारिपदा येथेही असे दात मिळाले आहेत. आज ते गाव समुद्रापासून बरेच आत आहे.

२०२० साली निघालेल्या ‘ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ या व्हिडिओ खेळात खेळाडू जमिनीवरील ताऱ्यासारखी खूण उकरून जीवाश्म काढतो. संग्रहालयाचा प्रमुख असलेले एक घुबड त्याचे नाव सांगते. मग तो संग्रहालयास द्यावा किंवा विकून टाकावा. शार्कच्या दातांचाही त्यांत समावेश आहे. संग्रहाची गोडी लावण्यास खेळ उत्तम. पण तेथे थर नाहीत, आणि स्टेनोचे सारे अनुमान तर थरांवरच उभे होते. प्रत्यक्षात स्थळ, थर व दिनांक यांची नोंद नसलेला दात कितीही सुबक असला, तरी तो कोणत्या समुद्रातील आणि किती जुना, हे ठरविणे फार कठीण जाते. म्हणून संग्राहक दाताच्या मुळावर शाईने बारीक क्रमांक घालतात आणि त्याच क्रमांकापुढे वहीत टिपण करतात.