हातांनी ऐकण्याची कला

चीनमधील एखाद्या शहराच्या उद्यानात पहाटे गेलात, तर संथपणे हात फिरवीत व्यायाम करणारे वृद्ध स्त्रीपुरुष तुम्हांला दिसतील. या व्यायामास ताई ची म्हणतात. तो पाहून हा केवळ म्हातारपणचा विरंगुळा असावा, असे कोणासही वाटेल. परंतु ताई ची ही मुळात युद्धकला होय. हेनान प्रांतातील चेन कुळाच्या गावी ती सतराव्या शतकात आकारास आली. तीत झोंबीचेही शिक्षण असते. त्या शिक्षणाचा पाया म्हणजे 'तुईशौ', अर्थात हातांनी ढकलणे.

तुईशौच्या एका प्रकारात दोघे जण एकेक पाय पुढे टाकून समोरासमोर उभे राहतात व मनगटास मनगट टेकवितात. जो पाऊल हलवील तो हरला. एकाने ढकलले, तर दुसरा त्यास अडवीत नाही; कंबर वळवून तो त्या जोरास वाट करून देतो. ढकलणारा आपल्याच जोराने पुढे झुकतो, आणि मग त्यास पाडावयास हलका धक्काही पुरतो. पण जोर कोणत्या दिशेने येत आहे, हे कळावे कसे? डोळ्यांनी पाहावे तर उशीर होतो. ते स्पर्शावरूनच ओळखावे लागते. चिनी गुरू यास 'ऐकणे' म्हणतात. ताठ हात बहिरा असतो. इतकेच नव्हे, तर आपल्या मनातील बेतही तो प्रतिस्पर्ध्यास सांगून टाकतो!

आता फ्रीस्टाइल कुस्ती पाहा. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी येथे ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले ते याच प्रकारात. येथे मल्ल वाकून उभा राहतो, विजेसारखा आत शिरतो आणि पट काढतो. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे मॅटला टेकविले की कुस्ती चीतपट झाली. सांधे मुरगाळण्यास मात्र येथे बंदी आहे. ताई चीच्या जुन्या शिक्षणात तेही डाव आहेत.

शरीराचा गुरुत्वमध्य पायांच्या आधाराबाहेर गेला, की मनुष्य पडतो. तुईशौ खेळणारा प्रतिस्पर्ध्याचा भार त्या आधाराबाहेर नेतो. पट काढणारा मल्ल भाराखालचा आधारच हिरावून घेतो. म्हणून नुसत्या तुईशौवर विसंबणारा मनुष्य मल्लापुढे फार वेळ टिकेल, असे मला वाटत नाही. ज्याचे पाय सरावात कोणी कधी धरलेच नाहीत, त्याने ते सोडवावे कसे?

पण मल्लास ऐकता येत नाही, असे मात्र समजू नका. कसलेला मल्ल प्रतिस्पर्ध्याच्या मानेवर हात ठेवून क्षणभर नुसता उभा राहतो. पाहणाऱ्यांस वाटते, तो दम घेत आहे. समोरचा पुढे रेटू लागतो, आणि त्याच क्षणी तो हात त्याची मान खाली ओढतो.