वारा नेईल तिकडे?

मैत्रिणींनो, थंडीच्या दिवसांत पहाटे परसदारी बंब पेटलेला तुम्ही पाहिला असेल. आमच्या केडगावात गॅस आला, गीझर आले, तरी बंब अजून काही घरांतून सुटलेला नाही. एखाद्या सकाळी त्याच्या धुराकडे जरा निरखून बघा. छपरापर्यंत तो सरळ चढतो, मग आडवा होऊन, समजा, रेणुकादेवीच्या देवळाकडे निघतो. त्याच वेळी वरचा ढगाचा पुंजका मात्र भलतीकडेच, नगर शहराच्या बाजूला सरकत असतो. म्हणजे आपल्या डोक्यावर एकच एक वारा नसतो. गोधड्यांच्या चळतीसारखे थर असतात त्याचे, आणि दर थराची दिशा नि वेग निराळा!

हे सगळं डोक्यात आलं ते वर्गातल्या एका मुलीमुळे. गरम हवेच्या बलूनचं चित्र पाहून तिनं विचारलं, "बाई, याचं स्टेअरिंग कुठंय?"

स्टेअरिंग नसतंच. ब्रेकही नसतो. नायलॉनची प्रचंड पिशवी, खाली वेताची टोपली, आणि दोहोंच्या मध्ये आपल्या शेगडीच्या कितीतरी पट मोठी ज्योत फेकणारा बर्नर. सिलिंडरमधला गॅस पेटवून आतली हवा तापवली की ती हलकी होते नि बलून वर चढतो. हवा निवली, किंवा माथ्यावरची झडप दोरीनं ओढून ती थोडी सोडली, की तो उतरतो. वैमानिकाच्या हाती एवढंच: वर नि खाली. डावं-उजवं हवं असेल तर त्या बाजूला जाणारा थर शोधून त्यात शिरायचं. आपल्या उत्तर गोलार्धात जमिनीपासून वर जावं तसा वारा बहुधा उजवीकडे वळत जातो. म्हणून उड्डाणाआधी एक छोटा फुगा सोडून तो कुठल्या उंचीवर कुठं वळतो, हे वैमानिक बघून ठेवतात. आपल्या पारनेरच्या कवड्या डोंगरावरची पवनचक्की वारा फिरला की तोंड फिरवते. बलूनला तोंडच नाही!

आपल्या महाराष्ट्रातलंच मोठं उदाहरण सांगते. २६ नोव्हेंबर २००५ रोजी उद्योगपती विजयपत सिंघानिया, वय वर्षं ६७, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून बलूनमधून उडाले आणि २१,०२७ मीटर, म्हणजे जवळजवळ ६९ हजार फूट उंचीवर जाऊन त्यांनी विश्वविक्रम केला. तिथली हवा श्वासाला पुरत नाही, म्हणून टोपलीच्या जागी हवाबंद कुपी होती. मला मात्र उंचीपेक्षा दिशेचं नवल वाटतं. मुंबईच्या एका अंगाला अख्खा समुद्र! हिवाळ्यात पहाटेचा खालचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तर खूप उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे. ते उतरले कुठं, तर नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या पांचाळे गावी. आपल्या संगमनेरच्या शेजारचाच तालुका की हा.

हौसेच्या सफरी एवढ्या उंच जात नाहीत. लोणावळ्याच्या बाजूला थंडीच्या मोसमात अशा सफरी होत आल्या आहेत, आणि मुलं हट्ट धरतातच. तेव्हा हे जाणून असा, की खरी कसोटी चढण्यात नाही, उतरण्यात आहे. उड्डाण पहाटे किंवा दिवस मावळायच्या आधी करतात, कारण ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवेचे लोट उठतात नि वारा क्षणाक्षणाला बदलतो. शहराजवळ तर आणखीनच पंचाईत. सिमेंट नि डांबर लवकर तापतं, इमारतींना अडून वारा घुसळतो, आणि खाली बघावं तर मोकळं रान नाही. आमचं केडगावच घ्या ना. एकीकडे पुणे रस्ता, दुसरीकडे रेल्वे, मध्ये पत्र्याच्या शेड नि विजेच्या तारा. उतरवणारा बिचारा कांद्याचं रिकामं वावर शोधत बसेल.

तारा हा बलूनचा सगळ्यात मोठा वैरी. न्यूझीलंडमध्ये कार्टर्टन गावी ७ जानेवारी २०१२ रोजी बलून विजेच्या तारांत अडकला, पेटला, आणि आतली अकराच्या अकरा माणसं गेली. त्या वैमानिकानं झटकन खाली यायचं सोडून वर उठायचा प्रयत्न केला होता. पण गॅस मोठा केला म्हणून तवा काही त्याच क्षणी तापत नाही. बलूनचंही तसंच, ज्योत दिल्यावर उचलायला काही सेकंद जातात. चौकशीत त्यानं गांजा ओढल्याचंही निघालं. तेव्हा चालवणाऱ्याचा परवाना विचारायला लाजू नका. आणि पहाटे तीनला उठवून, पोरांना स्वेटर चढवून नेल्यावर तो "आज वारा बरा नाही" म्हणाला, तर त्याच्यावर चिडू नका. तोच खरा जाणता! यजमान पैशांवरून वाद घालू लागले तर त्यांनाही आवरा.

जायचं ठरलंच तर साडी नको. टोपलीला दार नसतं, खाचेत पाय ठेवून चढावं लागतं. सलवार-कमीज बरा, तोही सुती. बर्नरची धग डोक्यावर येते, म्हणून टोपी किंवा रुमाल घ्या. उतरताना गुडघे किंचित वाकवून आतली दोरी घट्ट धरायची. टोपली आडवी झाली तरी घाबरायचं नाही, आणि सांगितल्याशिवाय कुणीही बाहेर उडी मारायची नाही. एका माणसाचं वजन कमी झालं की बलून बाकीच्यांना घेऊन पुन्हा उठू शकतो.

एक गंमत राहिलीच. वर गेल्यावर वारा मुळी लागतच नाही! बलून वाऱ्याबरोबरच चाललेला असतो, त्यामुळे ओढणीचं टोकसुद्धा हलत नाही. आणि मध्येच गालाला गार झुळूक लागलीच, तर समजा, आपण एका थरातून दुसऱ्यात शिरलो. त्या क्षणी वैमानिकाशी गप्पा मारू नका.