त्वचा-कोशिकांची प्रारण-संवेदनशीलता व वार्धक्य

सूर्याचे जंबुपार प्रारण, क्ष-किरण व गॅमा किरण यांमुळे त्वचेच्या कोशिकांना (पेशींना) इजा होते. ही इजा व तिला कोशिकांकडून मिळणारा प्रतिसाद यांत वयोमानाप्रमाणे फरक पडतो. वार्धक्यात ही संवेदनशीलता सरसकट वाढते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात मुख्य बदल होतो तो इजा दुरुस्त करण्याच्या व सदोष कोशिकांचे विभाजन रोखण्याच्या क्षमतेत.

विभाजनाचा वेग : बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरातील कोशिकांचे सतत विभाजन होत असते. नव्या कोशिका वर सरकत पृष्ठभागी येतात व झडून जातात. तरुणपणी यास सु. चार आठवडे लागतात. वार्धक्यात अधिक काळ लागतो. झां बेर्गोन्ये व ल्वी त्रिबोंदो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०६ मध्ये असे प्रतिपादन केले की, जलद विभाजन पावणाऱ्या व पूर्ण विशेषीकरण न झालेल्या कोशिकांवर प्रारणाचा परिणाम अधिक होतो. त्यानुसार वृद्ध त्वचेत कोशिकांचा तात्काळ नाश अधिक व्हावाच असे नाही. मात्र नष्ट झालेल्यांची जागा भरून येण्यास विलंब लागतो.

दुरुस्ती : जंबुपार प्रारणामुळे डीएनए रेणूतील लगतचे थायमीन घटक एकमेकांना जोडले जातात. कोशिकेतील एंझाइमे असा सदोष भाग कापून काढतात व तेथे नवा भाग जोडतात. मानवी लसीका-कोशिकांवरील, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन संशोधनात ही क्षमता वयाच्या २० ते ६० वर्षांच्या दरम्यान प्रतिवर्षी सु. ०·६ टक्क्याने घटत असल्याचे आढळले. कृष्णरंजक (मेलॅनीन) निर्माण करणाऱ्या कोशिकाही तिशीनंतर दर दहा वर्षांत सु. ८ ते २० टक्क्यांनी कमी होतात.

अंतस्त्वचेतील तंतुजनक कोशिका इन्शुलिनसदृश वृद्धिघटक-१ हे प्रथिन स्रवतात. ते पुरेसे असल्यास जंबुपार प्रारणाने इजा झालेली बाह्यत्वचेतील कोशिका आपले विभाजन कायमचे थांबवते. वृद्ध तंतुजनक कोशिकांकडून हे प्रथिन कमी मिळते. त्यामुळे काही कोशिका दोषासह विभाजन पावत राहतात व कर्करोगाचा पाया घातला जातो. वृद्ध त्वचेतील खरा धोका अशा प्रकारे मरणाऱ्या कोशिकांपेक्षा दोष घेऊन जगणाऱ्या कोशिकांत अधिक असतो.

वय व ऊन : वयाचा परिणाम व उन्हाचा परिणाम भिन्न असून एकाच शरीरावर दोन्ही पाहता येतात. नांदेड जिल्ह्यातील मुखेड हे सु. १८·७° उत्तर अक्षांशावर आहे. तेथे मे महिन्याच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. पहिला काळ पेरणीपूर्व मशागतीचा, तर दुसरा खुरपणीचा असतो. अशा कामात आयुष्य गेलेल्या वृद्ध शेतकऱ्याच्या मानेची व हातांची त्वचा जाड, खोल सुरकुत्यांची व डागाळलेली दिसते. सदऱ्याखाली झाकलेली पाठीची त्वचा त्याच वयाची असूनही पातळ व तुलनेने नितळ राहते. भारतीयांच्या त्वचेतील कृष्णरंजक बरेच संरक्षण देते व गौरवर्णीयांपेक्षा त्यांच्यात त्वचेचा कर्करोग विरळा आढळतो. तथापि हे संरक्षण पूर्ण नसते. पटका, पदर व लांब बाह्यांचा सदरा यांचा उपयोग म्हातारपणीही तितकाच आहे. उघड्या भागावरील काही आठवडे न भरणारी जखम वैद्यास दाखविणे आवश्यक असते.

प्रारण चिकित्सा : मुंबई येथील टाटा स्मारक रुग्णालय (स्थापना १९४१), बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय इ. ठिकाणी कर्करोगावर प्रारण चिकित्सा केली जाते. म्हाताऱ्या माणसाची कातडी हे किरण सोसणार नाही, या भीतीने काही कुटुंबे उपचार टाळतात. जुन्या, कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांची सर्वाधिक मात्रा त्वचेवरच पडत असे. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची कमाल मात्रा मात्र त्वचेखाली सु. अर्धा सेंमी. खोलीवर पडते. शिवाय एकूण मात्रा बहुधा दररोज २ ग्रे याप्रमाणे विभागून देतात व मधल्या काळात निरोगी कोशिका स्वतःची दुरुस्ती करतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्वचा लाल होणे व नंतर तिचे पापुद्रे निघणे हे परिणाम सर्व वयांत दिसतात. वृद्धांत ते भरून येण्यास अधिक दिवस लागू शकतात. पोषण, मधुमेह व त्वचेची निगा यांकडे त्यांच्या बाबतीत विशेष लक्ष द्यावे लागते. परंतु केवळ वय हे उपचार नाकारण्याचे कारण ठरत नाही.