यंत्र चालते, पण निर्धोक आहे का?

लहानमोठ्या कारखान्यांतून एक वाक्य नेहमी कानावर पडते. "हे मशीन जरा करंट मारतं, पण चालतं." नवा माणूस कामावर आला की त्याला हे सांगितले जाते आणि "पायात रबरी चप्पल ठेव" असा सल्लाही मिळतो. सांगणारा त्याच्या भल्यासाठीच सांगत असतो. पण ज्या यंत्राला हात लावताच झिणझिण्या येतात, ते यंत्र आपले दुखणे बोलून दाखवीत असते. आणि त्यावर इलाज करण्याऐवजी आपण चप्पल बदलतो. कामाच्या जागेवरील विजेची तपासणी म्हणजे काय आणि ती का टाळू नये, याविषयी आज थोडे बोलू या.

प्रथम धक्का कसा बसतो ते पाहू. विजेच्या प्रवाहाला परतीची वाट लागते. ट्रान्सफॉर्मरजवळ न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो, त्यामुळे जमीन हीही एक परतीची वाट होते. जिवंत तारेला हात लागला आणि पाय ओल्या जमिनीवर असले की मधला माणूसच तार होतो. प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. एका अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे १ मिलिअँपिअर. एवढा प्रवाह जेमतेम जाणवतो. १० मिलिअँपिअरच्या सुमारास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटेनाशी होते. छातीतून ५० किंवा त्याहून अधिक मिलिअँपिअर काही क्षण गेले, तर हृदयाचा ठोका बिघडून माणूस दगावू शकतो. आता ६० वॅटचा साधा पिवळा दिवा घ्या. २३० व्होल्टवर तो सुमारे २६० मिलिअँपिअर घेतो. म्हणजे एका दिव्याला लागणारी वीज माणसाचा जीव घ्यायला पुरून उरते.

"पण फ्यूज आहे ना?" असे कोणी विचारील. फ्यूज हा तारेचा राखणदार आहे. तार तापून आग लागू नये, एवढेच त्याचे काम. ५ अँपिअरचा फ्यूज ५००० मिलिअँपिअर निमूटपणे जाऊ देतो. माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह त्याच्या खिजगणतीतही नसतो.

मग माणसाचा राखणदार कोण? पहिला राखणदार अर्थिंग. यंत्राच्या लोखंडी अंगापासून निघालेली तार जमिनीत पुरलेल्या पत्र्याला किंवा नळीला जोडलेली असते. आतली जिवंत तार घासून यंत्राच्या अंगाला टेकली, तर या वाटेने मोठा प्रवाह धावतो, फ्यूज उडतो आणि यंत्र बंद पडते. मात्र ही वाट खरोखर सोपी हवी. हिशेबच करू. सबंध वाटेचा रोध २ ओहम असेल, तर २३० व्होल्टला ११५ अँपिअर धावतील. फ्यूज तात्काळ जाईल. पण खड्डा कोरडा पडून किंवा जोड गंजून हाच रोध १०० ओहम झाला, तर प्रवाह अवघा २.३ अँपिअर. ५ अँपिअरचा फ्यूज ढिम्म हलणार नाही, आणि यंत्राचे अंग दिवसभर जिवंत राहील.

खरी अडचण येथेच आहे. वीज आणणारी तार तुटली की यंत्र थांबते आणि लगेच वायरमनला हाक जाते. अर्थची तार तुटली तर काहीच होत नाही. मोटर फिरते, माल निघतो, पाळी संपते. जी वस्तू रोजच्या कामात दिसत नाही, तिचा बिघाडही दिसत नाही. गळके कौल उन्हाळ्यात कळत नाही, म्हणून मृगाआधी वर चढून पाहतो ना, तसाच हा प्रकार. मुद्दाम तपासल्याशिवाय अर्थ शाबूत आहे की नाही हे समजायचे नाही.

ही तपासणी सुरू होते डोळ्यांनी. सोललेली वायर, टेप गुंडाळलेला जोड, तुटलेला प्लग, प्लगऐवजी आगकाड्या खोचून बसवलेल्या नुसत्या तारा, हे सारे नुसत्या पाहण्याने सापडते. तीन पायांच्या प्लगचा मोठा पाय पाहा. तो मुद्दाम लांब ठेवलेला असतो, म्हणजे अर्थ सर्वांआधी जोडला जावा आणि सर्वांच्या शेवटी सुटावा. दोन भोकांच्या सॉकेटात बसत नाही म्हणून तो पाय कापणारा माणूस आपला राखणदारच कापतो. हातात धरायचे ड्रिल आणि ग्राइंडर यांकडे विशेष लक्ष द्यावे. त्यांच्या वायरी सतत ओढल्या, तुडवल्या जातात.

त्यानंतर उपकरणांची पाळी. वीज बंद करून, स्विचला कुलूप घालून आणि वीज खरोखर गेली आहे याची खात्री करूनच हे काम करायचे. खिशातला टेस्टर पेटला नाही, तेवढ्यावर विसंबू नये. खात्रीचे मापक आधी चालू जागी लावून पाहावे, मग बंद जागी आणि पुन्हा चालू जागी. यंत्राच्या अंगापासून अर्थच्या पट्टीपर्यंत तार अखंड आहे ना, हे मोजावे. मग मेगर. याने ५०० व्होल्टचा दाब देऊन तारेवरच्या वेष्टणाचा रोध मोजतात. कमी दाबाच्या जोडणीत तो निदान १ मेगोहम, म्हणजे दहा लाख ओहम, भरला पाहिजे. पावसाळ्यात बंद पडून राहिलेली मोटर ओल धरते, तिला चालू करण्याआधी मेगर लावणे शहाणपणाचे. अर्थच्या खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरने, जमिनीत दोन सळया ठोकून मोजतात. हे मोजमाप भर उन्हाळ्यात करावे. पावसात भिजलेली जमीन नेहमीच चांगला आकडा दाखवते.

दुसरा राखणदार म्हणजे ईएलसीबी, ज्याला आता आरसीसीबी म्हणतात. गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वीज तोडतो. त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. खटका पडला नाही, तर तो बदलावा. मात्र या बटणाने अर्थिंगची परीक्षा होत नाही. ती वेगळीच करावी लागते.

कायद्याने हे सारे फार पूर्वीच सांगितले आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत जोडणीची तपासणी पाच वर्षांहून अधिक अंतराने होऊ नये, असे बंधन होते. त्या नियमांची जागा २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांनी घेतली आणि २०२३ साली ते पुन्हा नव्याने आले. पण पाच वर्षे ही बाहेरची मर्यादा झाली. ओलीत, उष्णतेत आणि धुळीत राबणाऱ्या यंत्राला पाच वर्षे कोणी न पाहणे म्हणजे नशिबावर हवाला ठेवणे होय.

प्रत्येक कारखान्यात एक वही असावी. यंत्राचे नाव, तारीख, मोजलेला आकडा आणि मोजणाऱ्याची सही, एवढे पुरे. एकट्या आकड्यापेक्षा आकड्यांची रांग अधिक बोलते. गेल्या वर्षी ५० मेगोहम, यंदा ५, तर नियमात बसत असूनही ते वेष्टण उतरणीला लागले आहे, हे वही सांगते.

शेवटी मालकांना आणि कामगारबंधूंना एकेक गोष्ट सांगावीशी वाटते. मालकांनी तपासणीसाठी यंत्र अर्धा दिवस बंद ठेवावे लागले तर तो खोळंबा समजू नये. आणि कामगारांनी झिणझिण्या आल्या की यंत्र तिथेच थांबवावे, मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनला बोलवावे. असे करणाऱ्याला कोणी भित्रा म्हणू नये. आज त्याच्या बोटांना झिणझिण्याच आल्या, कारण जमीन कोरडी होती. उद्या ती ओली असेल, आणि त्या यंत्रावर कदाचित दुसऱ्याच कोणाची पाळी असेल.