मुळशी ते न्यूयॉर्क: विमानप्रवासाचे अंतर, वेळ आणि आपले गैरसमज

हिंजवडीचं आयटी पार्क मुळशी तालुक्यातलं. पौड, पिरंगुट, भूगावच्या कितीतरी घरांतली मुलं आता अमेरिकेत आहेत आणि आई-बाबा त्यांच्याकडे जातात, अनेकदा एकटेच. अशा वेळी प्रवास नेमका किती तासांचा, हे घरातल्यांना नीट माहीत असायलाच हवं.

गैरसमज: सुटण्याची आणि पोचण्याची वेळ वजा केली की प्रवासाचे तास कळतात.
वस्तुस्थिती: तिकिटावर त्या त्या ठिकाणची स्थानिक वेळ छापतात. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं. समजा, जुलैत मुंबईहून रात्री 1 वाजता सुटलेलं विमान त्याच दिवशी सकाळी 7 वाजता तिथे उतरलं, तर प्रवास 6 तासांचा नव्हे, साडेपंधरा तासांचा झाला.

गैरसमज: नकाशावर पट्टी ठेवून आखलेली रेषा हा सर्वांत जवळचा मार्ग.
वस्तुस्थिती: पृथ्वी गोल आहे, नकाशा सपाट. सपाट नकाशावरची रेषा सौदी अरेबिया, इजिप्त, अल्जीरिया अशी जाते. पण पृथ्वीगोलावर मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये दोरा ताणून बघा, तो थेट उत्तरेला आइसलँडच्या आसपास चढतो. हेच सर्वांत कमी अंतर, सुमारे 12,500 किलोमीटर. म्हणून सीटसमोरच्या पडद्यावर विमान उत्तरेकडे निघालेलं दिसलं, तर घाबरायचं कारण नाही.

गैरसमज: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे पश्चिमेला जाताना न्यूयॉर्कच आपल्याकडे येतं आणि वेळ वाचतो.
वस्तुस्थिती: पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं, त्यामुळे असा फायदा मिळत नाही. उलट 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. जाताना वारा समोरून, येताना पाठीमागून. म्हणून नेहमीच्या मार्गाने जायला साधारण 16 तास लागतात, तर यायला 14 ते 15.

गैरसमज: अंतर ठरलेलं, म्हणजे वेळही ठरलेली.
वस्तुस्थिती: विमानाला देशोदेशीच्या आकाशातून वाट मिळावी लागते. पाकिस्तानचं हवाई क्षेत्र फेब्रुवारी 2019 मध्ये बंद झालं आणि जुलैमध्ये खुलं झालं. एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद झालं. अशा वेळी वळसा पडतो, इंधन जास्त लागतं आणि कधी वाटेत इंधनासाठी थांबावंही लागतं.

गैरसमज: मुंबई तर जवळच, खरा प्रवास विमानातलाच.
वस्तुस्थिती: पौडहून मुंबई विमानतळ सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटर, पण रस्त्याने दीडशेच्या आसपास. बोरघाटात वाहनं तुंबली की चार तासही पुरत नाहीत. त्यात विमानतळावर तीन तास आधी पोचायचं आणि उतरल्यावर इमिग्रेशनची रांग. घर ते घर धरलं तर सहज चोवीस तास होतात.

म्हणून आई-बाबांना निरोप देण्याआधी एका कागदावर दोन्हीकडच्या वेळा, प्रवासाचे खरे तास, औषधं घेण्याच्या वेळा आणि उतरल्यावर भेटणाऱ्याचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहा आणि तो कागद पासपोर्टसोबत ठेवा.