संगिनीवरची अक्षरे

मराठीत 'संगीन' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक भक्कम, टिकाऊ; आणि दुसरा बंदुकीच्या नळीपुढे लावायचे पाते. फारसीतल्या 'संग' म्हणजे दगड या शब्दाशी त्याचे नाते आहे. पण दगडाचे नाव मिरवणारी ही वस्तू किती सहज पुसली जाते, हे मला माझ्याच हातून कळले.

नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये आलो, तेव्हा रविवारी भरणाऱ्या जुन्या लष्करी वस्तूंच्या एका बाजारात मी पहिली संगीन विकत घेतली. ली-एनफिल्ड रायफलीची, 'पॅटर्न १९०७' प्रकारची, १७ इंची पात्याची. ती तांबेऱ्याने माखलेली होती. घरी येऊन विजेच्या पॉलिशच्या चाकावर धरली आणि एका दुपारात आरशासारखी लख्ख केली. पुढच्या बाजारात मोठ्या अभिमानाने एका वृद्ध विक्रेत्यापुढे ठेवली. त्याने मुठीच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि एवढेच विचारले, "इथे कोणत्या पलटणीची अक्षरे होती?" मला सांगता आले नाही. मी ती वाचलीच नव्हती, आणि आता ती वाचण्याजोगी उरली नव्हती.

त्यानंतर मी आधी वाचायला शिकलो. मुठीलगतच्या पात्याच्या सपाट भागावर मुकुट, राजाची आद्याक्षरे, '१९०७' हा आकडा आणि कारखान्याचे नाव असते. नवखा संग्राहक १९०७ हे बनावटीचे वर्ष समजतो. ते नमुना मंजूर झाल्याचे वर्ष आहे. खरी तारीख त्याखालच्या लहान आकड्यांत, म्हणजे महिना आणि वर्षाच्या शेवटच्या दोन अंकांत असते. दुसऱ्या बाजूला सरकारी मालकीचा बाण, तपासनिसांचे शिक्के आणि पाते वाकवून तपासल्याची फुली. पलटणीची आद्याक्षरे बहुधा मुठीच्या टोकावर ठोकलेली असतात आणि त्यांच्यासोबत एक क्रमांक. तो क्रमांक हत्याराचा. ते ज्याच्या कमरेला होते त्या शिपायाचे नाव कुठेच नसते. म्हणून तर ही चार अक्षरे मोलाची. त्याच्यापर्यंत जाणारी वाट तेवढीच असते.

दुरुस्तीचे शास्त्र या अक्षरांभोवती फिरते. लाल तांबेरा पोलाद खात राहतो, तो काढायचा. काळपट थर पात्याचे रक्षण करतो, तो ठेवायचा. पात्याला हलके तेल लावून एक-दोन दिवस मुरू द्यायचे, मग जुन्या तांब्याच्या नाण्याच्या कडेने तांबेरा खरवडायचा. तांबे पोलादापेक्षा मऊ असल्याने ओरखडे उठत नाहीत. मुठीच्या अक्रोडी लाकडाला जवसाचे तेल, अगदी थोडे, कापडाने. पाते कातडी म्यानात घालून वर्षानुवर्षे ठेवायचे नाही. कातडे ओल धरते आणि पाते आतून गंजते. सँडपेपर आणि पॉलिशचे चाक यांना हात लावायचा नाही.

व्यवहारातही अक्षरेच साक्षीदार. सुरुवातीच्या 'पॅटर्न १९०७' संगिनींच्या आडव्या पट्टीला खाली वळलेला आकडा होता. १९१३ मध्ये तो नमुन्यातून वगळला गेला आणि वापरातल्या बहुतेक संगिनींवरचा कापूनही टाकला गेला. त्यामुळे आकडा असलेली संगीन दुर्मिळ आणि महाग. त्यामुळेच नवा आकडा जोडून विकणारेही निघाले. अशा वेळी ब्रिटिश बनावटीच्या पात्यावर १९१७ ची तारीख दिसली, तर बाकी काही बोलायची गरज नसते. पात्यावरच्या लांब खोबणीला 'रक्ताची खोबण' म्हणून विकणारेही भेटतात. ती वजन कमी करण्यासाठी असते.

काही वर्षांपूर्वी माझीही परीक्षा झाली. एका विक्रेत्याने मला नावावरून ओळखले आणि खास राखून ठेवलेली संगीन काढली. म्हणाला, ही कुत-अल-अमाराच्या वेढ्यातली, मराठा शिपायाची. १९१६ च्या त्या वेढ्यात मराठा पलटणी खरोखरच होत्या; उपासमारीनंतर एप्रिलच्या शेवटी त्यांना शरण जावे लागले. माझा हात थरथरला. ही गोष्ट खरी असावी, असे मला फार वाटत होते. मग पाते उजेडात धरले. 'आर. एफ. आय.', म्हणजे कलकत्त्याजवळचा इशापूरचा रायफल कारखाना. राजाच्या आद्याक्षरांपुढे सम्राटपदाचा 'आय'. पाते १२ इंची. आणि वर्ष १९४२.

दुसऱ्या महायुद्धात लांब संगीन अडचणीची ठरली, तेव्हा भारतात जुनी १७ इंची पाती कापून १२ इंचांच्या आसपास आणली गेली आणि आखूड पाती नव्यानेही घडवली गेली. कापलेल्या पात्याची खोबण थेट टोकापर्यंत पोचते. नव्या पात्यात खोबण असलीच, तर ती आधीच संपते. माझ्या हातातली खोबण टोकाआधीच संपत होती. म्हणजे कुतचा वेढा संपल्यावर पंचवीसेक वर्षांनी हे पोलाद घडले होते.

मी वर्ष दाखवले. विक्रेता ओशाळला आणि किंमत निम्मी केली. ती संगीन मी घेतली. इशापूरच्या कुणा कामगाराने ठोकलेली ती तीन अक्षरे कुतच्या कथेइतकी रोमांचक नव्हती, पण ती तिची स्वतःची होती.

आता मीही अधूनमधून संगिनी विकतो. घेणारा अठरा वर्षांवरचा आहे ना, हे पाहून. प्रत्येकीसोबत एक चिठ्ठी देतो: पात्यावर काय वाचता येते, मी काय साफ केले आणि काय तसेच ठेवले. ऐकीव गोष्ट असेल, तर 'ऐकीव' असे लिहून. ती पहिली चकचकीत संगीन मात्र विकलेली नाही. तिच्या चिठ्ठीवर काय लिहायचे, ते मीच पुसून टाकले आहे.